‘मी’ म्हणायचं नाही

रविवारी दुपारी दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, चौघं जण खेळायला बसली होती आणि त्यांपैकी एक जण खड्ड्यात पडला होता. खड्डा अर्थातच तोंडी, गोष्टीतल्या गुहेतला. हा खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. गोष्ट सांगायचे डॉक्टर. आठवडाभर त्यांच्यासमोर माणसं तोंड उघडून बसत, पण बोलत कुणी नसे. म्हणून या रविवारवर त्यांचा फार जीव होता.

खड्ड्यात होता चोर, म्हणजे खेळणाऱ्या दोघा साडूंपैकी धाकटा. एरवी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोर होता वैद्याच्या पिशवीत, आणि वैद्य म्हणजे थोरला साडू, ज्याचं औषधांचं दुकान होतं. चौथ्या ग्रंथपाल बाई. कुणावर तरी तलवार चालवायला मिळेल म्हणून त्या महिनाभर थांबल्या होत्या.

"वैद्यबुवा, दोर टाका," डॉक्टर म्हणाले.

"मी झोपलोय," थोरला म्हणाला.

"आता कसले झोपताय?"

"मी झोपलो होतो तेव्हाच यानं माझ्या पिशवीतली औषधाची शेवटची बाटली चोरली ना? मग मी अजून उठलेलोच नाही."

"मी चोर आहे. चोर चोरणारच," धाकटा म्हणाला. "तुम्ही सगळं मनाला लावून घेता."

"मी घेतो? आणि तू रे?"

मग गुहा राहिली बाजूला, आणि कोण कुणाला कधी काय बोललं होतं ते सगळं निघालं. डॉक्टरांना धास्तीच बसली. एक साडू उठला की दुसराही येणार नाही. उरणार ते आणि बाई, आणि दोघांत हा खेळ होत नाही.

आठवडाभर विचार करून त्यांनी निदान केलं, की सगळी कीड ‘मी’ या शब्दात आहे. माणूस म्हणतो ‘मी चोरली’, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, खरंच यानं चोरली. तेव्हा नियम झाला: ‘मी’ म्हणायचं नाही. चोर म्हणायचं, वैद्य म्हणायचं.

उपचार अंगाशी आला.

"वैद्याच्या मते चोर आळशी आणि कृतघ्न आहे," पुढच्या रविवारी थोरला शांतपणे म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही हं."

"चोर वैद्याला विचारत नाही," धाकटा म्हणाला. "आणि डॉक्टर, चोर चहा घेणार नाही."

बुधवारी थोरल्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, यांना काय शिकवलंत? कालपासून ‘वैद्याला भूक नाही’ चाललंय. तिकडे माझ्या बहिणीकडे चोर कचरा टाकायला जात नाही. हे थांबवा, नाहीतर तो खेळ तरी बंद करा."

आता डॉक्टरांकडे एकच इलाज उरला. रविवारी त्यांनी दोघांच्या खुर्च्या बदलल्या. थोरला चोर, धाकटा वैद्य. खुर्चीबरोबर खड्डाही थोरल्याकडे गेला. त्यानं फासा उचलला, पण टाकला नाही.

"चोरानं बाटली घेतली कशाला, ते तरी सांगा," बाई वैतागून म्हणाल्या. "माझी तलवार म्यानात गंजली."

थोरल्यानं फासा बोटांत फिरवला. "चोराची कंबर धरली होती. तीन आठवडे अंथरुणावर होता. वैद्य औषधं पाठवत राहिला, बायकोच्या हाती. स्वतः फिरकला नाही. चोराला वाटलं असेल, याच्याकडे फक्त औषधच आहे तर तेच नेऊ."

धाकटा त्याच्याकडे बघतच राहिला. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

"मग वैद्य का नाही आला?" बाईंनी आता धाकट्याला विचारलं.

"दुकानात गर्दी असेल," तो पुटपुटला.

"गर्दी नव्हती," थोरला म्हणाला. "वैद्य दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरला. आतून कण्हणं ऐकू येत होतं. दुकानात लोक चिठ्ठी देतात, मी गोळ्या देतो. दुखणं काउंटरच्या पलीकडे असतं. आपलं माणूस असं पडलेलं मला नाही बघवत रे."

नियम मोडला होता. डॉक्टरांनी तो मोडू दिला.

धाकट्यानं थोरल्याच्या हातातला फासा घेतला. मग म्हणाला, "वैद्य उठलाय. दोर टाकतोय." फासा पडला अठरा. थोरला वर आला.

डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण तेवढ्यात धाकटा म्हणाला, "एक मिनिट. हा खड्डा आला कुठून? मी पडायच्या आधी कंदील धरून बघितलं होतं."

"बरोबर," थोरला खुर्ची सरकवून त्याच्या शेजारी आला. "जमीन सपाट आहे म्हणाला होतात, डॉक्टर. नकाशा दाखवा बघू."

नकाशात खड्डा नव्हता. बाटलीवरून दोघं धुसफुसत होते, म्हणून एकानं दुसऱ्याला हात द्यावा अशी वेळ आणायला डॉक्टरांनीच तो ऐनवेळी खणला होता. त्यांनी तसं कबूल केलं.

"म्हणजे तीन रविवार आम्ही तुमच्या खड्ड्यावरून भांडतोय?" थोरला म्हणाला.

"हे काही आम्ही असं सोडणार नाही," धाकटा म्हणाला. "पुढच्या रविवारी याचा सोक्षमोक्ष लावू. तीन वाजता. आम्ही दोघं बरोबरच येतो."

"मीही येते," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी जमेल तेवढा अपराधी चेहरा केला. त्यांना फार बरं वाटत होतं.