कोरीटच्या रायफलीचे तीन इंच

सकाळी अकरा वाजता कोरीटचे पितांबर पाटील नंदुरबारच्या मामलेदार कचेरीत शिरले आणि त्यांनी अव्वल कारकुनांच्या मेजावर दोन वस्तू ठेवल्या: एक रायफल, आणि फडक्यात बांधलेला तिच्याच नळीचा तीन इंचांचा तुकडा. साल एकोणीसशे सदतीस, महिना ऑक्टोबर. त्या वेळी पाटलांकडे शस्त्र एक होते आणि परवाना एक होता. दुपारी ते बाहेर पडले तेव्हा शस्त्रे तीन झाली होती, आणि परवाना ज्या शस्त्राचा होता नेमके तेच बेपत्ता होते.

झाले ते असे. ही रायफल धुळ्याच्या साहेबलोकांच्या निशाणबाजीच्या क्लबातून लिलावात आलेली. क्लबाने तिच्यातून कागदी वर्तुळांवर इतक्या गोळ्या झाडल्या होत्या की काडतूस बसते त्या घराच्या पुढची नळी आतून पार झिजली. गोळी ढिली सुटे आणि आडवी होऊन लागे. भुईमुगात शिरलेल्या रानडुकरावर पाटलांनी नेम धरून बार काढला, तेव्हा डुकराने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा शेंगा उकरायला घेतल्या.

नंदुरबारात प्रेमचंद मिस्त्री यांच्याकडे बंदुका दुरुस्त करण्याचा रीतसर परवाना होता. शिलाईची यंत्रे आणि बाजाच्या पेट्या ते विनापरवाना दुरुस्त करीत. त्यांनी नळीत डोळा घालून निदान केले.

"पाटीलभाई, हिचे पुढचे दात शाबूत आहेत. दाढा गेल्या. मागून तीन इंच कापतो, नवे आटे पाडतो, काडतुसाचं घर पुढच्या चांगल्या लोखंडात नव्याने कोरतो. नळी आखूड होईल, नेम सरळ होईल."

तसेच झाले. पाटलांनी बांधावरून बाभळीची ठरवलेली शेंग पाडली. मग त्यांच्या डोक्यात आले की ही गोष्ट सरकारला कळवावी.

"कचेरीनी बलायं का तुम्हले?" मंगलाबाईंनी चुलीपाशी बसल्या बसल्या नवऱ्याला विचारले.

"नही."

"मंग कशाले जातस?"

"परवानामा तीस इंच लिखेल शे. सरकारले कळाले पाहिजे."

मंगलाबाईंनी भाकरी उलटली. पुढे त्यांना जे म्हणायचे होते ते त्यांनी भाकरीला सांगितले.

अव्वल कारकुनांनी रायफल फूटपट्टीने मोजली, पुन्हा मोजली आणि चष्मा काढला.

"परवान्यात नळी तीस इंच. ही सत्तावीस. म्हणजे ही ती नव्हे."

"तीच शे, रावसाहेब. तीन इंच कापेल शेतस."

"पाटील, उद्या तुम्ही धाकटी मुलगी आणून म्हणाल, ही थोरलीच, जरा आखूड केली. आम्ही जन्मनोंद बदलायची?"

"मंग थोरली कोठे गई?"

"तेच आम्ही तुम्हाला विचारतो आहोत."

मग त्यांनी तुकडा उचलला. पाटील म्हणाले, ते भंगार आहे. कारकुनांनी मुद्देमालाच्या पेटीतले एक रिकामे काडतूस घेऊन तुकड्याच्या मागच्या तोंडात सरकवले. ते बेताने बसले.

"ज्यात काडतूस बसतं ते शस्त्र," ते म्हणाले. "त्या सत्तावीस इंचांविषयी एक वेळ वाद होईल. या तीन इंचांविषयी नाही."

दोन्ही वस्तू लाखेने मोहरबंद होऊन खजिन्याच्या खोलीत गेल्या. दाराशी शिपाई रायसिंगाला लाठी देऊन बसवण्यात आले. त्याला बंदूक देता येईना, कारण एका खोलीपाशी दोनांहून अधिक शस्त्रे ठेवायला धुळ्याची मंजुरी लागते.

हरवलेल्या रायफलीची खबर देणे परवानेदाराला बंधनकारक असल्यामुळे पाटलांना फौजदारांपुढे उभे करण्यात आले.

"चोर कोण?" फौजदारांनी टाक बुडवत विचारले.

"चोरीच नही झायी, साहेब."

"घाई करू नका. चोर नसेल तर तो तुमचा निष्काळजीपणा, आणि त्याला कैद आहे. चोर असेल तर तुम्ही सुटता. चहा घ्या, आठवून सांगा."

पाटलांना कोणी आठवेना. तेव्हा चोर अज्ञात असे लिहून घेण्यात आले आणि शोधपथक तोरणमाळला रवाना झाले. चोरी कुठेही झाली तरी शोध तोरणमाळला घ्यायचा अशी खात्याची पद्धत होती. घाट चढून गेलेले पथक मध आणि चारोळी घेऊन उतरले. पंचनाम्यात नोंद झाली की तीस इंची रायफल तेथे नाही, ही बाब आता निर्विवाद झाली आहे.

इकडे कोरीटला डुकरांना बंदूक नसल्याचे कळायला पंचनामा लागला नाही. मंगलाबाई आणि गावचा जागल्या डबे बडवून दमले. रोज सकाळी शेताची एक नवी पट्टी नांगरल्यासारखी दिसे. काढणीला जेमतेम पंधरवडा उरला होता आणि निम्मे शेत गेले होते.

"बंदूक नही देतस ते नही देतस," मंगलाबाई म्हणाल्या. "तो परवाना तरी घर लई या. डुकरेस्ले दखाडू."

पाटील पुन्हा कचेरीत गेले. अव्वल कारकून माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लोटून हलक्या आवाजात तोडगा सांगितला.

"कापलंय ते जोडा. तीस इंच भरले की तुमची रायफल सापडली. प्रश्न मिटला."

प्रेमचंद मिस्त्रींना बोलावणे गेले. त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"मागे जोडता येणार नाही, नवं घर बुजेल. पुढे तोंडाला जोडतो पितळेच्या डाखाने. तुकडा आतून रुंद आहे, गोळी त्याला न शिवता निघून जाईल. जनावराची शेपूट नाकाला लावल्यासारखं दिसेल, पण नेम बिघडणार नाही."

"दिसण्याविषयी परवान्यात काही नाही," कारकून म्हणाले.

दोन्ही वस्तू पावतीवर मिस्त्रींच्या दुकानी गेल्या. सोबत रायसिंग होता. मिस्त्रींनी भाता फुंकला, डाख ओतला, कानस फिरवली. तिसऱ्या प्रहरी सगळे कचेरीत परतले. कारकुनांनी फूटपट्टी लावली. तीस भरले. ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी पाटलांचे अभिनंदन केले. रायफल सापडल्याचा पंचनामा झाला, पाटलांनी सही केली, फौजदारांनी तपास बंद केला आणि तोरणमाळच्या पथकाची शिफारस धुळ्याला पाठवली.

पाटलांनी रायफलीला हात घातला.

"थांबा," कारकून पावती वाचत म्हणाले. "मिस्त्रींकडे गेलेला मुद्देमाल, नग दोन. सत्तावीस इंची एक, तीन इंची एक. ते कुठे आहेत?"

"हे काय, रावसाहेब. येन्हामाच शेतस दोन्ही."

"ही तुमची हरवलेली रायफल. आत्ताच सापडली, खाली तुमची सही आहे. मी सरकारी ताब्यातल्या दोन शस्त्रांविषयी विचारतो आहे."

मिस्त्री कानस पुसत म्हणाले, "हवी तर पुन्हा कापून देतो. पण मग तीस इंची पुन्हा हरवेल."

या सूचनेला कचेरीची हरकत नव्हती. फौजदारांचीही नव्हती. तोरणमाळचे पथक तर जायला तयारच होते. हरकत एकट्या पितांबर पाटलांची होती, आणि ती लेखी नसल्यामुळे विचारात घेता आली नाही. जप्तीतली दोन शस्त्रे नाहीशी केल्याबद्दल त्यांच्यावर ठपका आला. ती आठ दिवसांत हजर करावीत, न केल्यास अटक होईल, असा हुकूम झाला. सापडलेली रायफल पुरावा म्हणून ठेवून घेण्यात आली. रिकाम्या खोलीवरचा पहारा उठवण्याचा हुकूम कोणी काढला नव्हता, म्हणून रायसिंग लाठी घेऊन तेथेच बसला.

घरी मंगलाबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"आते कचेरीमा काही कळावू नका," त्या म्हणाल्या. "मी मरनू तरी."

मुदत संपायला दोन दिवस असताना कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागली: "एक सत्तावीस इंची व एक तीन इंची अशी दोन शस्त्रे सरकारी ताब्यातून गहाळ झाली आहेत. त्यांविषयी ज्यांस माहिती असेल त्यांनी जातीने हजर राहून जबानी द्यावी. माहिती असून न कळवणे हा गुन्हा आहे. सदर प्रकरणाचा मजकूर ज्याने वाचला त्यास माहिती आहे असे धरण्यात येईल."

तेव्हापासून नंदुरबारातली शिकलेली माणसे फळ्यासमोरून मान खाली घालून जातात, आणि ज्यांना अक्षरओळख नाही ते मध्यभागी उभे राहून निवांत विडी ओढतात. काल सायंकाळपर्यंत पाटलांच्या शेतातली डुकरे शेजारच्या शेतात सरकली होती. पाटील धोतराची जोडी पिशवीत भरून ओट्यावर बसले होते. हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत ज्यांनी वाचले आहे, त्यांच्यापैकी अजून एकही जण जबानी द्यायला हजर झालेला नाही.