कोपर चाचपणारे डॉक्टर

डॉक्टर खानझोडे नमस्कार करत नाहीत. ते हात मिळवतात, आणि मिळवलेला हात सोडायच्या ऐवजी दुसऱ्या हाताची बोटं तुमच्या कोपरामागे घालून तिथली नस दाबून बघतात. बाजारात आपण वांगं दाबून बघतो ना, तसं. मग "छान आहे" म्हणतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. लंडनच्या कडेला हाउन्सलो आहे, तिथल्या आमच्या मराठी मंडळात त्यांना सगळे कोपरडॉक्टर म्हणतात. बाकीचे पाठीमागे म्हणतात, मी तोंडावर म्हणते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे आडवळणाने बोलायला मी शिकलेच नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी कोपर धरलं तेव्हा मी विचारलं, "काय हरवलंय तुमचं तिथे?"

"कुष्ठरोग, वहिनी," ते म्हणाले. "कोपरामागची नस जाड झाली की समजायचं, पाहुणा घरात शिरला."

डॉक्टर वयाने ब्याऐंशीचे. तरुणपणी नागपूरकडे कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात होते. मग ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात कातडीचे डॉक्टर म्हणून आले आणि तीस वर्षं गोऱ्या लोकांची खाज बघत बसले. ज्या रोगाचं शिक्षण घेतलं तो रोग तिथे फिरकेना. मासे पकडणारा माणूस वाळवंटात नोकरीला लागावा, तशी गत. पण जाळं टाकायची सवय जाईना. लग्नात, बारशात, पोस्टाच्या रांगेत, कुठेही कोपर दिसलं की त्यांची बोटं निघालीच. बायको गेल्यावर ते हाउन्सलोला आले. मुलगी स्टॅनमोरला असते, "माझ्याकडे राहा" म्हणते. हे जात नाहीत. तिकडे कोपरं कमी असावीत.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे कलम नऊ.

इंग्रजांनी आपल्याकडे कुष्ठरोग्यांसाठी एक कायदा केला होता. भीक मागणारा रोगी दिसला की पोलिसांनी धरायचा आणि आश्रमात टाकायचा. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. आणि कलम नऊ म्हणजे, सरकार सांगेल तिथे रोग्याने काय करायचं नाही त्याची यादी. खायचं करून विकायचं नाही. मनाई असलेल्या विहिरीचं पाणी घ्यायचं नाही. भाड्याच्या गाडीत बसायचं नाही. दुसरे लोक रामरक्षा म्हणतात तसा डॉक्टर हा कायदा इंग्रजीत घडाघडा म्हणतात. बसमध्ये चढले, पास टेकवला की ड्रायव्हरला ऐकू जाईल असं म्हणतात, "कलम नऊ." बागेतल्या नळाचं पाणी प्यायले की तोंड पुसून, "कलम नऊ." ड्रायव्हर त्यांना मान हलवून उत्तर देतो. त्याला वाटत असेल, हिंदुस्थानात असंच गुड मॉर्निंग करतात.

"अहो, पण तो कायदा अजून आहे का?" मी एकदा विचारलं.

"रद्द झाला. पण माझे सगळे केस पिकेपर्यंत होता. इंग्रज गेले, दप्तर आपण जपून ठेवलं."

तिसरी सवय खाण्याची. डॉक्टर ताटात कण ठेवत नाहीत. पोळीचा चुरा पडला तर बोट ओलं करून टिपतात. शहाणी माणसं बघत असली तरी टिपतात.

आता माझ्या पोळ्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मंडळाच्या गणपतीला पुरणपोळ्या मी करते. मला ना इंग्रजी येतं, ना गाता येतं. माझी या देशात जी काही पत आहे ती पुरणपोळीची. उजव्या हाताने लाटते, डाव्या हाताने तव्यावरची उलटते, उलथनं न घेता. बघायला मुली उभ्या राहायच्या. "काकू, चटका नाही लागत?" मी म्हणायची, "सवय आहे."

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर माझ्या ओट्याशी उभे राहून बघत होते. हसत नव्हते.

"वहिनी, गॅस बंद करा जी. डोळे मिटा." त्यांच्या कोटाच्या खिशात कायम कापसाचा बोळा असतो. "डाव्या हाताला कापूस लावतो. लागला की सांगायचं."

मी डोळे मिटून उभी. बराच वेळ गेला.

"कधी लावताय?" मी विचारलं.

"सात वेळा लावला," ते म्हणाले.

मग त्यांनी माझं कोपर धरलं आणि नेहमीसारखं "छान आहे" म्हटलं नाही.

आमच्या गावी त्याला महारोग म्हणत आणि म्हणताना दार लावून घेत. मी खुर्चीवर बसले. पहिलं वाक्य बोलले ते हे, "मंडळात सांगू नका."

"नाही सांगणार."

"पोळ्या बंद होतील माझ्या."

"का बंद होतील? लंडनच्या हॉस्पिटलात जायचं, गोळ्या घ्यायच्या. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला धोका नाही. हा रोग पोळीतून जात नाही. एकच करा, चिमटा वापरा. या हाताला चटका कळत नाही, एक दिवस बोट गमावून बसाल."

हॉस्पिटलात तेच निघालं. मुलगा आणि सूनबाई यांना सांगितलं, त्यांनाही तपासलं, ते ठणठणीत निघाले. गोळ्या फुकट मिळतात. महिन्यातून एकदा मोठा डोस असतो, त्या दिवशी डॉक्टर घरी येऊन समोर बसायचे आणि मी गिळलं का ते बघायचे. लहान पोराला देतात तसं. मग माझ्या हातची पोळी खायचे, चुरा टिपायचे आणि बसने जायचे. साठ वर्षांत पहिल्यांदा मी चिमटा हातात घेतला. मंडळातल्या मुली म्हणाल्या, "काकू थकल्या." मी चिमट्याने पुढची पोळी उलटली.

यंदा गणपतीच्या आधी मंडळाची मीटिंग झाली. डॉक्टरांविरुद्ध तक्रार आली होती. पुण्याहून नवीन आलेल्या एका मुलीचं कोपर त्यांनी चहाच्या रांगेत धरलं आणि ती घाबरली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अनोळखी म्हातारा येऊन दंड चाचपतो, कोण घाबरणार नाही?

आमची सेक्रेटरी रेणुका. बँकेत कॉम्प्युटरचं काम करते, स्वभावाने सरळ आहे. ती म्हणाली, "काका, हे कन्सेंटशिवाय टच करणं झालं. वी हॅव अ पॉलिसी. कमिटीने ठरवलंय की एक वर्ष तुम्ही प्रोग्रॅम्सना येऊ नये. पण तुमची बाजू ऐकायची आहे. व्हाय डू यू डू इट? काही मेडिकल रीझन आहे का?"

"रोग शोधतो," डॉक्टर म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. कमिटीतले एक गृहस्थ, मी नमुन्याला आणलेल्या पुरणपोळीची बशी हातात घेऊन बसले होते, ते म्हणाले, "अहो डॉक्टर, हे हाउन्सलो आहे. इतक्या वर्षांत एक तरी सापडला का?"

आता डॉक्टरांना एवढंच म्हणायचं होतं, "सापडला." एका शब्दात सुटले असते. ते छताकडे बघत होते. मी डावीकडे बसले होते आणि मान चुकूनही डावीकडे वळू नये म्हणून त्यांनी ती वर धरली होती.

"नाही," ते म्हणाले. "माझी सवय वाईट आहे. वर्षभर येत नाही."

हा माणूस आठवड्यात एकदा माणसांत येतो तो इथे. बाकी सहा दिवस तो, टीव्ही आणि बसचा ड्रायव्हर. मला हे ठाऊक होतं. ठाऊक असून मी आधी माझ्या पोळ्यांचा विचार केला, तेही सांगते. मग उठले आणि डाव्या हाताची बाही वर केली.

"सापडला," मी म्हटलं. "हे बघा कोपर. गेल्या वर्षी यांनी दाबलं म्हणून हात शाबूत आहे. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरी झाले. मधे तुम्ही माझ्या पोळ्या खाल्ल्या, कुणी मेलं नाही. आता यांना बाहेर बसवायचं असेल तर मलाही बसवा, आणि पुरण तुम्ही वाटा."

गृहस्थांनी हातातली बशी हळूच खाली ठेवली. अर्धी पोळी होती तिच्यात.

डॉक्टर उठले, ती बशी उचलली आणि ती उष्टी अर्धी पोळी सगळ्यांसमोर उभ्यानेच खाल्ली. मग बोट ओलं करून चुरा टिपला.

रेणुका शहाणी. ती म्हणाली, "काका, यापुढे आधी विचारायचं. नो म्हटलं तर नो. ओके?" आणि तिने स्वतःची बाही वर केली. तीनचार जणांनी आपली कोपरं पुढे केली. सगळ्यांनी नाही. यंदा तीन घरांनी माझ्याकडून पोळ्या घेतल्या नाहीत. घेऊ नयेत, मला कोण ते ठाऊक आहे.

परत जाताना आम्ही एकाच बसमध्ये होतो. डॉक्टर चढले, पास टेकवला, पण "कलम नऊ" म्हणाले नाहीत. मी विचारलं, "उष्टं कशाला खाल्लंत हो?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "माझी आत्या खानावळ चालवायची. बोटं वाकडी झाली, कुणीतरी कळवलं, सरकारी माणूस आला, चूल बंद. मी सात वर्षांचा होतो. घरून सांगितलं होतं, तिच्या हातचं खायचं नाही. एकदा तिने मला दारातून पोळी दिली. मी ती वळणावर नेऊन गटारात टाकली. मागे बघितलं तर ती उभी होती."

"रागावली?"

"नाही. फक्त परत कधी दिली नाही."

मी त्यांचं कोपर धरलं. आधी डाव्या हाताने धरलं, पण त्या हाताला धड काही कळेना. मग उजव्या हाताने धरलं.