पैनगंगेवरची पंगत

सोयरीक कशी जमवावी हे अख्ख्या साखरखेर्ड्यानं इंद्रभानकडून शिकावं, असं एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे खुद्द इंद्रभान!

आता त्याच्या लेकीच्या, प्रतीक्षाच्या, दोन सोयरिकी जमता जमता मोडल्या होत्या, ही गोष्ट वेगळी. त्या त्यानंच मोडल्या होत्या, ही गोष्ट तर फारच वेगळी. मिरचीच्या रोपात आणि कांद्याच्या बियाण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मन लोण्याचं. पण कीर्तनाचं वेड असं, की पाच कोसांवर सप्ताह बसला तरी हा पहिल्या रांगेत, वीणेकऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून हजर! त्यात वाईट काय, मंडळी? तो नादच गोड. पण इंद्रभानच्या कानातून आत गेलेलं कीर्तन तोंडातून बाहेर यायला धडपडायचं, तिथं घोटाळा होता. पहिल्या पाहुण्यांना त्यानं पोह्यांच्या आधी एक दृष्टांत सांगायला घेतला. पोहे गार झाले, वरचं खोबरं वाळलं, पाहुण्यांची शेवटची एसटी गेली, तरी दृष्टांतातला राजा अजून शिकारीलाच निघालेला! दुसऱ्या पाहुण्यांना त्यानं हुंडा घेणाऱ्याच्या सात पिढ्या कोणकोणत्या नरकात जातात ते क्रमानं सांगितलं. त्या बिचाऱ्यांनी हुंडा मागितलाच नव्हता.

"बाबा," प्रतीक्षानं तिसऱ्या वेळेस आधीच गाठलं, "अविनाश मले पसंत हाये. आमी बोललो फोनवर. हे बी मोडलं तं मी पुन्हा पोह्याची बशी हातात धरत नाही, सांगून ठेवते. तुमी एकच करा. कीर्तनातलं कायी सांगू नका!"

"कायीच सांगू नका," तिच्या आईनं, आशाबाईंनी, आतून भर घातली. "कीर्तनातलं नाही, भारुडातलं नाही, अन् तुमच्या मनातलं तं बिलकूल नाही!"

लेक मेहकरच्या शाळेत मास्तरीण. सहावीच्या पोरांना एका हाकेत गप्प करणारी. तिच्या डोळ्यांत पाणी पाहून इंद्रभान हलला. रात्रभर विचार केला आणि सकाळी चहाच्या कपासोबत योजना मांडली. मेहकरला बंधाऱ्यामुळे पैनगंगेत पाणी तुंबलं होतं, आणि कोण्या ठेकेदारानं त्यात जेवणाची बोट सोडली होती. संध्याकाळी दीड तास नदीतून फिरायचं, घाट पाहायचा, देवळांचे कळस पाहायचे आणि बसल्या जागी जेवायचं. पाहुण्यांना तिथंच न्यायचं!

"जमिनीवर दोन सोयरिकी सांभाळल्या नाही गेल्या तुमच्यानं," आशाबाई म्हणाल्या, "आता पाण्यावर कायले जाता?"

"अवं, तिथंच तं मेख हाये! घरी पाहुणे माह्याकडे पाहत बसतात, मंग माह्यानं राहवत नाही. बोटीत थे नदीकडे पाहतीन. मी बोलन तरी कोणाशी?"

योजना बिनतोड होती. आशाबाईंनासुद्धा खोट सापडेना, आणि त्यांना तीच खरी काळजी वाटली.

ठरल्या दिवशी बालाजीचं दर्शन घेऊन दोन्हीकडची सव्वीस माणसं घाटावर जमली. पिंपळगाव राजाहून आलेल्या पाहुण्यांत नवरामुलगा अविनाश, त्याचे वडील रामराव आणि बाकीचे काका-मामा होते. पण खरं वजन अंबूबाईंचं. अविनाशची ही आजी पंच्याहत्तरीची, काडीसारखी बारीक, आणि तिच्या होकाराशिवाय त्या घरात मांजरसुद्धा दुधाला तोंड लावत नसे. नातवाचं लग्न ती म्हणेल तिथं.

बोटीचा कप्तान कचरू. परवापरवापर्यंत ट्रॅक्टर चालवायचा, म्हणून बोट सुरू करताना त्यानं सवयीनं मागं वळून ट्रॉली जोडली आहे का ते पाहिलं. सगळ्यांना नारिंगी जाकिटं वाटली. अंबूबाईंनी ते आधी नाकारलं, मग पदरावरून घातलं, आणि मग जाकिटावरून पुन्हा पदर घेतला.

"आयका हो!" कचरू ओरडला. "बारा जण या बाजूले, बारा त्या बाजूले! वाढणारे दोघं मधात. बैलगाडीसारखंच हाये हे, एकीकडे वजन झालं का कलंडली!"

दोन्ही कठड्यांना लागून लांबच लांब टेबलं, खुर्च्यांची तोंडं पाण्याकडे. पाहुणे उजवीकडे बसले, घरचे डावीकडे. प्रतीक्षा वाढायला उभी राहिली. "कढीचं भांडं जड हाये, मी धरतो," म्हणत अविनाशही मधे उभा राहिला. सूर्य पाठीशी घेऊन बोट पूर्वेकडे निघाली. हवा सुटली, कळस चमकले, पाहुणे खरोखर नदीकडे पाहू लागले. इंद्रभाननं जिभेला कुलूप म्हणून गालात एक अख्खी सुपारी धरली होती. आशाबाईंनी मनातल्या मनात बालाजीला नारळ बोलला.

तेवढ्यात अंबूबाईंनी मान वळवली.

"पोरीचे वडील कायीच बोलत नाहीत ते?"

"शांत सोभाव हाये त्यायचा," आशाबाई म्हणाल्या. प्रतीक्षाला जोराचा ठसका लागला.

"आमी तं आयकलं होतं, सप्त्याले बसतात म्हणून. माह्या घरात पाहा, कीर्तन समजणारं एक माणूस नाही! हा रामराव तं पखवाजावर थाप पडली का घोरते. बोलावं तरी कोणाशी?"

इंद्रभानला भरून आलं! जन्मभर ज्या श्रोत्याची वाट पाहिली तो पाठीमागच्या रांगेत नारिंगी जाकीट घालून बसलाय, विचारतोय, आणि आपल्या तोंडात सुपारी! एकादशीच्या दिवशी शेजारच्या घरी पुरणपोळी भाजावी, तशी त्याची गत झाली. पण त्यानं लेकीकडे पाहिलं आणि नुसतीच मान हलवली.

ताटं आली. वरण, बट्ट्या, वांग्याची भाजी, कढी, जिलेबी. देवाचं नाव घेऊन झालं. अंबूबाईंनी बट्टी कुस्करली, वरण-तूप कालवलं, पहिला घास उचलला. आणि मागं वळलेल्या इंद्रभानची नजर आधी मावळत्या सूर्याकडे गेली, मग अंबूबाईंच्या तोंडाकडे.

सुपारी गिळली गेली.

"थांबा आजी! तुमचं तोंड दक्षिणेले हाये!"

घास हवेत थांबला. पाहुण्यांच्या रांगेतले बाराच्या बारा घास हवेत थांबले. प्रतीक्षानं डोळे मिटले.

"मंग?" अंबूबाईंनी विचारलं.

"दक्षिण म्हणजे यमाची दिशा, आजी! तिकडे तोंड करून जेवलं का आयुष्य घटते. मागच्या सप्त्यात महाराजांनी तासभर सांगतलं!"

त्या बिचाऱ्याच्या मनात एवढंच होतं, की म्हाताऱ्या माणसाची खुर्ची जरा वळवावी. पण अंबूबाई ताट घेऊन उठल्या आणि डावीकडच्या रांगेत येऊन बसल्या. पंगतीतलं वडील माणूस उठल्यावर बाकीच्यांनी बसून राहायचं? रामराव उठले. काका उठले, मामा उठले, माम्या उठल्या. अख्खी पाहुण्यांची रांग ताटं घेऊन डावीकडे आली आणि बोट कुरकुरत त्याच बाजूला झुकली. वरणानं आपली पातळी सोडली नाही, पण ताटांनी सोडली! बट्ट्या टेबलावरून घरंगळल्या, आणि एक एक करत कठड्याखालून पैनगंगेत उड्या घेऊ लागल्या.

"ओ पाव्हणे!" कचरूनं बोंब ठोकली. "काय करून राह्यले हो तुमी? अर्धे जण वापस जा!"

"कोण जाईन?" रामराव म्हणाले. "तिकडे आयुष्य घटते ना? आमी पाहुणे हावो. यजमानांनी जावं."

"वा रे वा!" इंद्रभानचे चुलते तटकन म्हणाले. "पोरीकडचे झालो म्हणून काय मरावं आमी?"

"काका, मी जातो! एकटा जातो!" इंद्रभान काकुळतीला आला.

"तू एकटा जाऊन काय व्हते बे? तुह्यं वजन ते किती!"

कचरू ट्रॅक्टरवरचा माणूस. नांगर अडला की वळवून घ्यायचा, हे त्याला ठाऊक. "उत्तरेकडेच तोंड पाह्यजे ना तुमाले? थांबा, बोटच फिरवतो! मंग त्या बाजूच्यायचं तोंड उत्तरेले होईन. मंग तरी अर्धे जण तिकडे बसा!" असं म्हणून त्यानं चाक गरकन फिरवलं. बोटीनं तोंड पश्चिमेला केलं.

आता उजवी बाजू उत्तरेला झाली, हे खरं. पण मग डावी दक्षिणेला झाली! आणि चोवीस माणसं डावीकडेच होती. इंद्रभाननं दोन्ही ओठ दातांखाली दाबून धरले. लेक पाहत होती. बायको पाहत होती. एक शब्द नाही! मेलो तरी नाही!

"भाऊ," अंबूबाईंनी ताट छातीशी धरून विचारलं, "आता कोण्या बाजूले हो?"

वडीलधाऱ्या माणसानं सरळ विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं? तेही अन्नावर बसल्यावर? इंद्रभानचा हात आपोआप उठला.

"त्या... त्या बाजूले," तो पुटपुटला.

चोवीस माणसं ताटं घेऊन उजवीकडे धावली. बोट तिकडे झुकली, आणि तिच्यासोबत भाजीचं पातेलं, जिलेबीची परात आणि पाण्याचा ड्रम हेही उत्तराभिमुख झाले. कचरूनं कपाळावर हात मारला आणि चिडून पुन्हा चाक फिरवलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर, पुन्हा धावाधाव! पाय वाजताहेत, ताटं वाजताहेत, वाट्या वाजताहेत. दुरून पाहणाऱ्याला वाटावं काल्याचा गजर रंगात आलाय. घाटावरची माणसं हात जोडून उभी राहिली होती. आणि ह्या सगळ्यात मधोमध, इंजिनाच्या झाकणावर, प्रतीक्षा आणि अविनाश कढीचं भांडं दोघांच्या मधे पकडून बसले होते.

"तुमी जेवले का हो?" प्रतीक्षा रडवेली होऊन म्हणाली.

"कढी पेलो," अविनाश म्हणाला. "चांगली झाली."

इंद्रभानला हे ऐकू आलं. असा गुणी पोरगा! आणि आपण त्याला गोलगोल फिरवून हाकलतोय! पांडुरंगा, माणसाला कान दिले ते ठीक, पण जीभ कशाला दिलीस? तिसऱ्या धावपळीत तो स्वतः कुठंच गेला नाही. एका खांबाला मिठी मारून, डोळे मिटून उभा राहिला.

अखेर प्रतीक्षा उठली. पदर खोचला आणि सहावीच्या वर्गातला तो आवाज लावला:

"खाली बसा! जो जिथं हाये तिथं! एकदम!"

काय ताकद असते आवाजात! चोवीसच्या चोवीस माणसं धावता धावता मधेच जागच्या जागी फतकल मारून बसली. रामराव बसले, चुलते बसले, अंबूबाई बसल्या. बोट सरळ झाली. फक्त एकच चूक झाली. कचरूही बसला! चाक सोडून, हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून.

बिनकप्तानाची बोट शांतपणे तिरपी गेली आणि खर्रर्र करून वाळूत रुतली.

"बुडालो!" चुलते ओरडले. माम्यांनी एकमेकींच्या गळ्यात गळे घातले. रामरावांनी जाकिटाच्या नाड्या घट्ट केल्या. कचरू उठला, बाहेर डोकावला आणि त्यानं उडी टाकली.

पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं.

"बुडायचं असन तं आडवं व्हा लागन," तो खालून म्हणाला. "उतरा! काठ तो काय हाये!"

धोतरं, पँटी, साड्या वर खोचून वऱ्हाड नदीत उतरलं. इंद्रभान पुढं आला आणि अंबूबाईंसमोर पाठ करून वाकला. त्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकले. पाण्यातून चालताना त्याला मागून लेकीचे हुंदके ऐकू येत होते. का हसणं होतं ते? मागं वळून पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

"भाऊ," पाठीवरून आवाज आला.

"हं."

"त्या महाराजांनी दक्षिणेचं सांगतल्यावर पुढं काय सांगतलं होतं?"

इंद्रभान थबकला. पुढं काय सांगितलं होतं? तेव्हा त्यानं आनंदानं एवढ्या टाळ्या पिटल्या होत्या की... आणि भर नदीत त्याला सगळं लख्ख आठवलं.

"आजी," तो वाकल्या पाठीनंच म्हणाला, "महाराज म्हणाले, पण हे समदं झालं दिशेचं. वाढलेल्या ताटावरून उठणं अन् दुसऱ्याले उठवणं, याच्यासारखं पाप नाही."

इंद्रभाननं सोयरिकीवर पाणी सोडलं. नाही तरी उभा त्यातच होता.

"इवाई," अंबूबाई म्हणाल्या.

इवाई! भाऊ नाही, इवाई, म्हणजे व्याही! त्याचा पाय वाळूत घसरला.

"पडान, नीट चाला! पोरगी पसंत हाये. एका आवाजात पूर्ण वऱ्हाड खाली बसवलं तिनं. माह्या मांग त्या घराले असंच माणूस लागन."

"आजी, मी... लग्नाले मी अशी पंगत देतो..."

"नाही!" गळ्यातले हात एकदम आवळले गेले. "लगन आमच्या घरी. मांडव आमचा, आचारी आमचा, पंगत आमची, वाढपी आमचे. तुमी कायीच करू नका. पोरीले घेऊन या, जेवा, अन् जा."

काठावर पोचल्यावर त्यानं अंबूबाईंना अलगद उतरवलं आणि तिथंच ओल्या वाळूत बसला. आशाबाई धापा टाकत आल्या.

"काय म्हणाल्या हो त्या? जमलं का?"

"जमलं," इंद्रभान म्हणाला. "लग्नाचं निमंत्रण देलं आपल्याले."