मामांनी हत्तीला वाट दिली

"पस्तीस वर्षं भर चौकात काढलीत मी! मला सहलीला कसं वागायचं ते शिकवू नकोस!" मामांनी भाचीला बजावलं आणि हेल्मेट उलटं घातलं.

मामा वाहतूक पोलिसांतून निवृत्त झालेले. नोकरीत होते तेव्हा सारं शहर त्यांना मामा म्हणायचं. निवृत्तीनंतर एक सख्खी भाची तेवढी उरली. ही भाची एका कंपनीत सहली नेऊ लागली होती. पाहुण्यांनी इलेक्ट्रिक सायकलींवरून शहरातले प्राचीन अवशेष बघत हिंडायचं, प्रत्येक अवशेषापाशी थांबून डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवायचा, की पडक्या भिंतीच्या जागी दोन हजार वर्षांपूर्वीचा महाल उभा! आज तिची परीक्षेची फेरी होती. मालकीणबाई वाटेत कुठेतरी अचानक येऊन बघणार होत्या. सहाच्या सहा पाहुणे खडूने आखलेल्या गोलात गुमान उभे दिसले, तर नोकरी कायम. एक जरी बाहेर सापडला, तर उद्यापासून घरी.

आणि ऐन सकाळी दोन पाहुण्यांनी टांग दिली. ती कसर भाचीने घरातून भरून काढली. मामा आणि मामी.

"मामा, फक्त एकच करा. गोलात उभे राहा."

"अगं, गोलात उभं राहणं हा तर माझा धंदा होता!"

"तीच तर भीती आहे," मामी म्हणाल्या.

कंपनीने सगळ्यांना पिवळीजर्द चमकणारी जाकिटं आणि पांढरी हेल्मेटं दिली होती. सायकलला मोटर आहे, हे मामांना तत्त्वतः मान्य होतं; पायांना मात्र कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी पहिलंच पॅडल असं हाणलं की सायकल उधळलेल्या वासरासारखी सुटली आणि पुढच्या पाहुण्याला, एका दंतवैद्याला, ओलांडून थेट कुंपणाला भिडली. "ब्रेक तपासत होतो," मामा म्हणाले.

पहिला मुक्काम प्राचीन स्नानगृहाचा. तो तसा सुखरूप पार पडला. चष्म्यात पाणी दिसताच मामांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, एवढंच.

दुसरा मुक्काम बाजारवेशीचा. वेशीचे आता साडेतीन खांब उरलेत, आणि तेही आजच्या सगळ्यात गजबजलेल्या चौकाच्या कोपऱ्यात. त्यात सकाळपासून सिग्नल बंद! भाचीने पदपथावर गोल आखला, सहाही जणांना आत उभं केलं आणि टॅबवरचं बटण दाबलं.

मामांच्या डोळ्यांपुढे दोन हजार वर्षांपूर्वीचा बाजार उघडला. काय ती गर्दी! चारही बाजूंनी बैलगाड्या, मध्ये गाढवांचे तांडे, कुणी कुणाला जागा देईना. आणि मधोमध? मधोमध कुणीच नाही! असा बेवारस चौक त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

ते गोलातून बाहेर पडले, आठ पावलं चालले आणि उजवा हात ताडकन वर केला.

प्राचीन बैलांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आजच्या चौकात मात्र सगळी वाहनं खाडकन थांबली!

लोकांना काय दिसलं? पिवळं जाकीट, पांढरं हेल्मेट, लोखंडासारखा ताठ हात आणि डोळ्यांवर काळी पेटी.

"पोलिसांना नवीन यंत्र दिलंय वाटतं!" एक स्कूटरवाला पुटपुटला.

"गाडीचा नंबर आपोआप टिपतं म्हणे ते," शेजारचा म्हणाला. त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण घटकाभरात ते चौकभर झालं. पटापटा हेल्मेटं डोक्यांवर चढली. मोबाइल खिशांत गेले. स्कूटरवरच्या तिघांपैकी तिसरा उतरून चालू लागला, जणू तो कधी बसलाच नव्हता!

"ए! ते गाढव मागे घे!" मामा आभासी तांड्यावर गरजले.

समोरच्या लाल गाडीतल्या बाईंनी चपापून छातीवर हात नेला. पट्टा लावलेला नव्हता! अपमान गिळून त्यांनी गाडी निमूट मागे घेतली.

तेवढ्यात चष्म्यात पूर्वेकडून राजाचा हत्ती आला. मामांनी चारही बाजू रोखल्या, टाच टाचेला आपटली आणि कडक सलाम ठोकला. "मंत्री येताहेत!" चौकात कुजबुज झाली. माना पूर्वेकडे वळल्या. तिकडून गाद्यांनी लादलेली हातगाडी येत होती. दोघातिघांनी तिलाही सलाम केला. हातगाडीवाला घाबरून पळतच सुटला.

भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने टॅबवर मामांचा चष्मा बंद करायला घेतला, पण घाईत दाबलं गेलं 'पुन्हा सुरू'. हत्ती परत आला! चौक परत बंद!

"मी ओढून आणते त्यांना!"

"छे गं," मामी म्हणाल्या. "बदली आल्याशिवाय हे जागा सोडायचे नाहीत. लेक जन्मली तेव्हा दोन तास उशिरा पोचले, का तर बदलीचा हवालदार आला नव्हता!"

मामी पदर खोचून चौकात गेल्या, मामांच्या खांद्यावर थाप मारली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "बदली हजर!"

मामांनी चष्म्यासकट सलाम केला. "पूर्वेकडून हत्ती आहे. जपून." मग चष्मा कपाळावर सरकवून, ड्युटी संपलेल्या माणसाच्या संथ चालीने ते गोलात येऊन उभे राहिले.

आणि लाल गाडी कडेला लावून त्या बाई तरातरा आल्या. भाचीने पाहिलं. मालकीणबाई!

"पाच?" मालकीणबाईंनी मोजलं. "सहावा पाहुणा कुठे?"

थाप मारायची सोय होती. पण भाचीला ती जमेना. "सहाव्या माझ्या मामी. त्या काय, चौकात. आणि मघाचे पोलीस म्हणजे हे माझे मामा. पोलिसांचं यंत्र नव्हतं ते बाई, आपलाच चष्मा होता. चूक माझी."

मालकीणबाईंनी मामांच्या कपाळावरच्या चष्म्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे... त्यात माझा नंबर टिपला गेला नाही?"

"नाही."

"बिनपट्ट्याची तिसरी खेप होती हो माझी! लायसनच जाणार होतं!"

"त्यात फक्त हत्ती आहे, बाई."

मालकीणबाईंनी असा सुस्कारा सोडला की दंतवैद्याच्या हातातलं माहितीपत्रक उडालं. त्या तिथेच साडेतीन खांबांपैकी अर्ध्या खांबावर टेकल्या, हसल्या, डोळे पुसले आणि भाचीच्या कागदावर सही केली. "कायम! खोटं बोलली असतीस तर मी आजपासून रात्री दचकून उठले असते. फक्त पुढच्या वेळी नातेवाईक नकोत."

भाचीने मामांना मिठीच मारली. मामांना मात्र दुसरंच हवं होतं. चौक चार मिनिटांत मोकळा करून, हातातल्या पर्सने शेवटची बस हाकून मामी परतत होत्या. मामा छाती काढून पुढे झाले.

"पाहिलंस ना, कसा सांभाळतात चौक?"

मामींनी पर्स खांद्याला अडकवली.

"हे काम होतं? आणि घरी येऊन पस्तीस वर्षं माझ्याकडून पाय दाबून घेतलेत?"