ताईंच्या तब्येतीची बातमी

ज्योत्स्नाची जळगावहून धुळ्याला बदली झाली आणि रुळांपलीकडच्या वस्तीत सहा वर्षं खपून तिनं उभं केलेलं युवा मंडळ मागं राहिलं. धुळ्यात संस्थेनं तिला एका वस्तीतलं समाजमंदिर, वीस खुर्च्या आणि नवा कॅरम दिला. पोरं मात्र तिची तिनंच जमवायची होती. रोज चार ते सात ती दार उघडं ठेवून बसायची. बारा दिवसांत आत आल्या त्या दोन शेळ्या, त्याही सावलीसाठी.

शेवटी तिनं चोपड्याच्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप पाठवला. इथं कुणी नाही, मंडळातल्या मिसबाहची भांडणंसुद्धा आठवतात, घास उतरत नाही, असं बरंच काही त्यात होतं. निरोप गेला तो जळगावच्या मंडळाच्या ग्रुपवर. लक्षात येताच तिनं तो पुसला. त्यामुळे ज्यांनी ऐकला नव्हता त्यांनी ऐकलेल्यांना विचारलं, आणि 'घास उतरत नाही'चं संध्याकाळपर्यंत 'सलाइन लावलंय' झालं. तिनं 'मी बरी आहे' असं लिहिलं. ताई असंच म्हणणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

रविवारी सकाळच्या एसटीनं मंडळाचे अकरा जण धुळ्यात उतरले. सोबत मिसबाहची आई साबेरा, मऊ खिचडीचा डबा घेऊन. पत्ता कुणालाच नीट ठाऊक नव्हता. आजारी ताई कुठं राहतात, असं विचारत ते वस्तीभर फिरले. आपल्या समाजमंदिरात कुणी बाई अत्यवस्थ आहे हे कळल्यावर वस्तीही मागोमाग निघाली.

ज्योत्स्ना तिथं खुर्च्या पुसायला आली होती आणि कचोरी खात बसली होती. दुसरी.

साबेरानं तिच्या कपाळाला हात लावला, कचोरीकडं पाहिलं आणि डब्याचं झाकण परत लावलं. एकोणीस वर्षांच्या मिसबाहचे भरलेले डोळे रागानं कोरडे झाले.

"ताई, एसटीत मी सगळ्यांना रडवलं," ती म्हणाली. "आता यांना काय सांगू?"

ज्योत्स्नालाच रडू फुटलं. तेव्हा कुठं सगळ्यांना एवढ्या लांब आल्याचं समाधान वाटलं.

दारातल्या गर्दीत वस्तीतले उखर्डू आबा पुढं होते. "माले वाटनं, मीटर देखाले येल बाई शे," ते म्हणाले. तिला विजेचं मीटर तपासणारी समजून वस्ती दारं लावून घेत होती, हे ज्योत्स्नाला आत्ता कळलं.

मिसबाहनं कॅरमचं प्लास्टिक फाडलं. चौथा गडी हवा म्हणून तिनं गर्दीतल्या मोनाली नावाच्या मुलीला हाताला धरून बसवलं. दुपारपर्यंत जळगाव जिंकलं, धुळं चिडलं, दोन्हीकडच्यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि खिचडी संपली. चारच्या एसटीनं पाहुणे गेले. ज्योत्स्ना स्टँडवर बराच वेळ उभी राहिली.

सोमवारी ती आली, तर पायरीवर नऊ पोरं बसलेली. तिनं कुलूप काढलं. काय काय बोलायचं, ते ती मनात जुळवू लागली.

"मॅडम," मोनालीनं विचारलं, "ती मिसबाह परत कधी येणारे?"

माहीत नाही, ज्योत्स्ना म्हणाली.

"मग येईपर्यंत आम्ही बसू का इथं?"

ज्योत्स्नानं त्यांना खुर्च्या दिल्या आणि स्वतःही एक ओढून त्यांच्यात बसली.