चहा उकळेपर्यंत विंडोज

श्रीपादराव शाळिग्रामांच्या परदेशीपुऱ्यातल्या घरी लिनक्स आलं ते पुतण्या उन्मेषच्या हट्टानं. उन्मेष सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि विंडोजचं नाव काढलं की त्याचं तोंड कडू व्हायचं. काकांच्या जुन्या मशीनवर बँकेचं पान उघडेना, तेव्हा त्याला आयतं कारण मिळालं.

"काका, हा खटारा आता नाही चालणार भिया. विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, व्हायरसची झंझट नाही."

"टाक. पण विंडोजला हात लावायचा नाही. त्यात पेन्शनचे कागद आहेत."

हे खोटं होतं. म्हणजे कागद होते, पण काळजी त्यांची नव्हती. विंडोजमध्ये इंदुमतीबाईंचा डाव होता. मागच्या वर्षी दवाखान्यात जायच्या सकाळी त्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचं सॉलिटेअर खेळत बसल्या होत्या. रिक्षा दारात उभी. "थांबा हो, जिंकत आलेय," त्या म्हणाल्या. श्रीपादरावांनी घाई केली. बाईंनी डाव सेव्ह केला, उठल्या आणि परत काही आल्या नाहीत. तेव्हापासून श्रीपादराव दर रविवारी तो डाव उघडून बघत आणि तसाच बंद करत. पत्त्यांतलं त्यांना गुलामचोरापलीकडे काही कळत नव्हतं. बायकोचा जिंकत आलेला डाव आपण मोडला, एवढं मात्र कळत होतं. पुतण्याला हे सांगायची लाज वाटत होती.

उन्मेषनं लिनक्स टाकलं, विंडोज शेजारी राहू दिलं आणि सुरू करताना कोण पाहिजे ते मशीनच विचारेल, असं सांगून गेला.

मशीननं काही विचारलं नाही. श्रीपादरावांची पद्धत अशी की बटण दाबायचं आणि चहा ठेवायला जायचं. चहा उकळून, गाळून, कप घेऊन यावं तर विंडोज जेमतेम डोळे चोळत असायचं. इतक्या वर्षांत दोघांचं छान जमलं होतं. आता कप घेऊन आले, तर लिनक्स आंघोळ करून, गंध लावून तयार बसलेलं. विंडोज कुठे दिसेना.

लिनक्स वाईट होतं असं नाही. ज्या प्रिंटरसाठी विंडोज रुसून सीडी मागायचं, तो यानं मुकाट्यानं चालवला. ऐन कामाच्या वेळी अपडेटच्या नावाखाली दुकान बंद करायची खोडही नव्हती. पण त्यात डाव नव्हता.

उन्मेषनं फोनवरून विंडोज आधी यावं म्हणून एक कमांड सांगितली. ती टाकली, तर लिनक्सनं पासवर्ड मागितला. श्रीपादराव अक्षरं दाबत गेले आणि पडद्यावर काहीच उमटेना. आत्ता चालणारा कीबोर्ड पासवर्डलाच मेला, असं समजून त्यांनी तो उलटा करून झटकला. मूठभर शेव पडली. मग नवा आणला. त्याचंही तेच.

"काका, पासवर्ड तो दाखवत नाही. तुम्ही टाकत राहा."

"विंडोज निदान ठिपके तरी दाखवायचं. मी काय लिहिलं ते मलाच दिसू नये?"

"सेफ्टी असते ना, काका."

"घरात मी एकटा. सेफ्टी कोणापासून?"

न दिसता टाकलेला पासवर्ड काही जुळेना. रविवारी उन्मेष पोहे-जिलेबी घेऊन स्वतःच आला. पेन्शनचे कागद आपण केव्हाच लिनक्समध्ये उतरवले आहेत, तेव्हा विंडोज उडवून जागाच मोकळी करतो, असं त्यानं जाहीर केलं. बोलता बोलता त्यानं विंडोजचा भाग निवडलासुद्धा.

"हात लावू नकोस," श्रीपादराव म्हणाले. "त्यात तुझ्या काकूचा डाव आहे."

मग सगळंच सांगावं लागलं. उन्मेषनं माउसवरचा हात काढून घेतला. त्यानं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. श्रीपादराव सवयीनं उठले.

"कुठे चालले?"

"चहा ठेवतो."

"आधी बसा इथे."

काळ्या पडद्यावर दोन नावं आली. वर लिनक्स, खाली विंडोज.

"हे कधीपासून येतंय?"

"पहिल्या दिवसापासून. थोडं थांबतं. कोणी बोललं नाही तर लिनक्स घुसून जातं."

उन्मेषनं खालचं नाव निवडलं. विंडोज कण्हत उठलं तोवर दोघांचा चहा करून झाला. इंदुमतीबाईंचे पत्ते जसेच्या तसे समोर आले.

"आता जिंकवून टाक तिला," श्रीपादराव म्हणाले. त्यांना तिकडे बघवेना.

उन्मेष पत्त्यांत पक्का होता. त्यानं गड्डी एकदा फिरवली, पुन्हा फिरवली, मान खाजवली.

"काका, काकू फसली होती. एक्का खाली दबलाय, एक पण चाल नाहीये. हा डाव कोणाच्या बापाला जिंकता येणार नाही."

श्रीपादराव पडद्याजवळ सरकले. दारात रिक्षा, हातात दवाखान्याची पिशवी, आणि त्या घाईतही ही बाई थाप मारून गेली. अन् नवरा वर्षभर मान खाली घालून बसला.

"खोटारडी," ते म्हणाले. आवाजात राग शोधूनही सापडला नसता.

उन्मेषनं विचारलं, नवा डाव वाटू का. मात्र हा सोडला तर काकू हरल्याची नोंद होईल, असंही म्हणाला.

"छे. सेव्ह कर," श्रीपादराव म्हणाले. "तिच्या नावावर हार लावून वर गेलो, तर दार उघडणार नाही ती."