पूर्वाभिमुख नळकांड्याची मोहीम

शके अठराशे अठ्ठ्याहत्तर, दुर्मुखनाम संवत्सरी, पौष मासी, चिंचवड मुक्कामी साबणाच्या कारखान्यात जी थोर मोहीम जाहली, तिचा करीना येथे यथास्थित मांडिला असे; सुज्ञांनी पंखा बंद करून ऐकावा.

कारखान्याचे धनी श्रीमंत यशवंतराव, मोठे प्रतापी, आपली मोटार सोडून सर्वत्र काटकसरी. त्यांचे पदरी बॉयलर नामे दैत्य असे, आणि तो कोळशाची रसद अहोरात्र फस्त करून अर्धपोटीच राही. कारण की, कढईतून निघालेले कढत पाणी एका लांब नळकांड्यातून जाई, ज्यास साहेबी बोलीत हीट एक्स्चेंजर म्हणत, आणि त्याने बॉयलरकडे निघालेल्या गार पाण्यास ऊब द्यावी असा तह होता. परंतु तह पाळला जात नसे, आणि निम्मी ऊब गटारास मिळे.

मग धन्यांनी फर्माविले की, सायन्सचे पदवीधर हिंदुराव, जे अद्याप उमेदवारीवर आहेत, त्यांनी संक्रांतीपूर्वी कोळसा घटवावा. घटल्यास कायम करू, न घटल्यास गावी रवाना करू. आणि हिंदुरावांचे लग्न तर ‘कायम’ या एका शब्दावर अडलेले!

मग हिंदुराव थर्मामीटर परजून निघाले, आणि पाहतात तो कढत व गार दोन्ही पाणी पूर्वेकडूनच शिरे, जोडीने चाले, आणि पश्चिमेस कोमट होऊन निघे. गार पाणी उलट दिशेने आणिल्यास बाहेर पडता पडता त्यास सर्वांत कढत पाणी भेटेल, हे त्यांनी ताडिले. परंतु नळांचे सरदार ज्योतीराम मिस्त्री यांनी मोर्चा अडविला.

“मावळतीकडनं पाणी? न्हाई जमायचं, राव. घर असू द्या न्हाईतर नळकांडं, शिरायचं ते उगवतीकडनंच. नारळ फोडलाय म्या तिथं.”

“अहो मिस्त्री, पदार्थविज्ञान सांगतं की...”

“त्याला म्हणावं, पाना घे नि ये हिकडं.”

मग हिंदुरावांनी विज्ञान म्यान केले, आणि अडलेले लग्न मनी घोळत असता त्यांस मसलत सुचली.

“मिस्त्री, सीमांतपूजनाला व्याही कसे भेटतात?”

“समोरासमोर. एक हिकडनं, एक तिकडनं.”

“आणि दोघं एकाच वेशीतून, एकाच बाजूला तोंड करून चालले तर?”

मिस्त्रींनी टोपी सरकविली. “मग भेट कसली? मानपानच ऱ्हायला की!” आणि स्वतःच पाना उचलून गर्जले, “आधी सांगाया काय झालं हुतं?”

मग पश्चिमेस दुसरा नारळ फुटला, आणि नळ फिरविले, आणि उभय पाण्यांची भेट ऐसी जाहली की गार पाणी वाफाळत निघाले आणि दैत्याचा आहार घटला.

तेव्हा धन्यांनी हुकूम काढिला की, हिंदुरावांस कायम केले असे. कोळसा घटल्या सबब बॉयलरच्या भट्टीत कोळसा लोटणारे कोंडीराम यांस बंगल्याच्या बागेवर नामजाद केले असे. आणि भट्टीचे उरले काम हिंदुरावांनीच उरकावे.

कोंडीरामांनी खोरे पुढे केले. “घ्या रावसाहेब. कायम झालात न्हवं?”

येणेप्रमाणे उष्णतेची लूट मोडून फत्ते जाहली. विजयी वीरांनी काळ्या हातांनी भावी सासऱ्यांस कार्ड लिहून कायम झाल्याचे कळविले. कशावर, ते कळविले नाही. हे दप्तरी दाखल असे.